काळ्या स्क्रीनवरचे आउटपुट विंडोत आणताना

संगणकावरचा प्रोग्राम काम करत असताना जे काही सांगतो, म्हणजे मोजमापाचे आकडे, पुऱ्या झालेल्या पायऱ्यांची नोंद आणि काही बिघडल्यास त्याची सूचना, ते मजकुराच्या ओळींच्या रूपाने एका ठरावीक मार्गाने बाहेर पडते आणि या मार्गाला स्टँडर्ड आउटपुट म्हणतात. हा मार्ग शेवटी कुठे जाऊन मिळतो हे प्रोग्रामला ठाऊक नसते, आणि नसावे अशीच त्यामागची मूळ योजना आहे. पलीकडे स्क्रीन असो, डिस्कवरची फाइल असो, प्रिंटर असो किंवा दुसरा प्रोग्राम असो, ओळ लिहिणाऱ्याने ती लिहावी आणि पुढे जावे. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या आणि राहायला केळव्यात असणाऱ्या एका प्रोग्रामरच्या कामाचा बराच मोठा भाग मात्र या योजनेच्या कडेकडेने गेला, कारण काळ्या स्क्रीनवरचे, म्हणजे फक्त मजकूर दाखवणाऱ्या चौकटीतले, आउटपुट तिथून उचलून डेस्कटॉपवरच्या विंडोत आणायचे ठरले की ओळ केव्हा पोहोचली, कोणत्या क्रमाने पोहोचली, कोणत्या लिपीत पोहोचली आणि समोर उभ्या माणसाने ती वाचली का, हे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. त्या कामातून जे समजत गेले त्याची मांडणी येथे केली आहे.

पश्चिम रेल्वेवर केळवे रोडहून डहाणूच्या दिशेने निघाले की पालघर, उमरोळी आणि मग बोईसर येते, आणि बोईसरला उतरलेल्या गर्दीतला मोठा हिस्सा वसाहतीतल्या कारखान्यांकडे वळतो. रसायने, औषधांचा कच्चा माल, कापडावरची प्रक्रिया आणि पोलाद हे येथले मुख्य उद्योग. यांतल्या रासायनिक कारखान्यांत गुणवत्ता तपासणीची एक प्रयोगशाळा असते, तीत दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत वजन दाखवणारा काटा असतो, आम्लता मोजणारे यंत्र असते, आणि या उपकरणांच्या पाठीमागे सीरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक संकेत पाठवून आकडा संगणकाला देणारी जोडणी असते. अशा पोर्टवरून येणारा आकडा वाचणारा, तो मर्यादेत आहे का ते पाहणारा आणि ओळ छापणारा प्रोग्राम लिहिणे अवघड नसते. तो बहुधा एका बैठकीत लिहिला जातो, काळ्या स्क्रीनवर चालवला जातो आणि चालतो आहे म्हणून तसाच वर्षानुवर्षे राहतो.

त्याला विंडोत आणण्याची मागणी दिसायला बरे हवे म्हणून पुढे येते अशी एक समजूत आहे आणि ती अपुरी आहे. विंडोजच्या काळ्या स्क्रीनला क्विक एडिट नावाची एक सोय असते, तिच्यामुळे माउसने मजकूर निवडून तो लगेच उचलता येतो, आणि विंडोज १० पासून ती आपसूक चालूच असते. प्रोग्रामरला ही सोय उपयोगी पडते, पण रात्रपाळीचा ऑपरेटर टेबल पुसताना किंवा माउस सरकवताना त्या स्क्रीनवर चुकून एक क्लिक करतो, शीर्षकाच्या पट्टीत आधीच्या नावापुढे ‘सिलेक्ट’ हा शब्द उमटतो, आणि त्या क्षणापासून प्रोग्रामची पुढची ओळ स्वीकारली जात नाही. ओळ स्वीकारली जात नाही म्हणून ती लिहिणारी आज्ञा पुरी होत नाही, आज्ञा पुरी होत नाही म्हणून प्रोग्राम तिथेच खोळंबतो, आणि काट्यावरून येणारे आकडे पोर्टवर साचत राहतात. एंटर किंवा एस्केप दाबले की सगळे पुन्हा सुरू होते, पण हे ठाऊक नसलेल्या माणसाला समोर दिसते ती फक्त स्तब्ध झालेली काळी चौकट, आणि मग केळव्यातल्या घरी फोन येतो: ‘सर, प्रोग्राम हँग झालाय.’ याखेरीज ही चौकट म्हणजे काहीतरी चुकून उघडलेली गोष्ट आहे असे वाटून कोपऱ्यातल्या फुलीवर बोट जाण्याचा प्रकारही सर्रास घडतो, आणि फुली दाबली की चौकटीबरोबर प्रोग्रामही संपतो.

रात्रीच्या या फोनमुळे कामाची दिशा ठरत गेली. शेवटची गाडी निघून गेल्यावर केळव्याहून बोईसर गाठणे सोपे नसते. गावापासून स्टेशनच काही किलोमीटर दूर आहे आणि रात्री उशिरा रिक्षा मिळेल याची शाश्वती नसते. त्यामुळे प्रोग्राम लिहिणारा आणि तो वापरणारा यांच्यामध्ये त्या वेळी एकच दुवा उरतो, तो म्हणजे स्क्रीनवर काय लिहिले आहे ते ऑपरेटरने फोनवर वाचून दाखवणे. आउटपुटचा वाचक कोण, या प्रश्नाला येथे दुहेरी उत्तर मिळते, कारण एक वाचक यंत्राजवळ उभा असतो आणि दुसरा त्याच्या तोंडून ऐकतो. विंडोची रचना करताना हे दोघेही डोळ्यांसमोर ठेवावे लागतात, आणि पाठ्यपुस्तकांत दिलेल्या नमुन्यांत यांतला एकही नसतो.

आउटपुट एका जागेवरून दुसऱ्या जागी वळवण्याच्या कल्पनेला आता सहा दशके होऊन गेली. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतील डग मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात बागेतल्या पाण्याच्या नळीप्रमाणे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत अशी इच्छा मांडली होती, आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीत ती पाइप या रूपाने उतरवली. एका प्रोग्रामने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचायचे, दोघांच्या मधे स्मृतीतला छोटा साठा, एवढीच पाइपची रचना आहे. एमएस-डॉसमध्ये ही सोय १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आली आणि आज्ञेपुढे एक कोनी चिन्ह व प्रिंटरचे नाव टाइप करून अहवाल थेट डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर धाडणे ही पुढे कार्यालयांतली नित्याची गोष्ट झाली. कारखान्यांतल्या जुन्या माणसांना म्हणून आउटपुट वळवणे नवे नाही. नवी आहे ती विंडो.

विंडो वेगळी का पडते ते समजून घेण्यासाठी विंडोजमधली एक विभागणी लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलच्या आरंभी तो कन्सोलचा, म्हणजे काळ्या स्क्रीनचा आहे की चित्रमय विंडोचा, याची नोंद केलेली असते, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रामला सुरू करताना काळी स्क्रीन दिलीच जात नाही. पायथन या भाषेत तर अशा वेळी स्टँडर्ड आउटपुटच्या जागी काहीच नसते. छापण्याची नेहमीची आज्ञा गुपचूप पुढे जाते आणि ओळ कुठेच उमटत नाही. तेव्हा काळी स्क्रीन नको म्हणून केवळ फाइलचा प्रकार बदलला तर आउटपुट हलत नाही, ते नाहीसे होते. यावर दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रोग्रामच्या आतच स्टँडर्ड आउटपुटच्या जागी स्वतःची एक वस्तू बसवायची आणि तिच्याकडे आलेला मजकूर विंडोतल्या मजकुराच्या चौकटीत घालायचा. दुसऱ्यात आकडे वाचणारा जुना प्रोग्राम जसाच्या तसा ठेवायचा, विंडोचा एक वेगळा प्रोग्राम लिहायचा, आणि त्याने जुन्याला आपल्या हाताखाली सुरू करून त्याचे आउटपुट पाइपमधून वाचायचे. पहिला मार्ग आखूड आहे. तरीही कारखान्यातल्या कामाला दुसरा अधिक योग्य ठरतो असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते, कारण वर्षानुवर्षे विश्वासाने चाललेला मोजमापाचा भाग त्यात अस्पर्श राहतो आणि विंडो कोसळली तरी मोजमाप कोसळू नये अशी व्यवस्था करता येते. ती व्यवस्था आपोआप होत नाही, हेही खरे. वाचणाराच गेला की लिहिणाऱ्याला पाइप तुटल्याची चूक मिळते आणि तिची दखल घेणारा भाग मोजमापाच्या प्रोग्रामला जोडून द्यावा लागतो.

दुसरा मार्ग धरला की सर्वांत आधी भेटते ती दिरंगाई. काळ्या स्क्रीनवर जी ओळ छापताक्षणी दिसत असे ती विंडोत येत नाही. बराच वेळ चौकट कोरी राहते आणि मग एकाएकी शेकडो ओळी धाडकन कोसळतात. याचे कारण बफर, म्हणजे लिहिलेला मजकूर प्रत्यक्ष पाठवण्याआधी साठवून ठेवण्याची स्मृतीतली जागा. पलीकडे स्क्रीन आहे असे दिसले तर पायथनचा प्रोग्राम प्रत्येक ओळ संपताच ती पाठवतो, परंतु पलीकडे पाइप आहे असे दिसले की बफर भरेपर्यंत थांबतो, कारण थोडे थोडे पाठवण्यापेक्षा एकदम पाठवणे यंत्राला स्वस्त पडते. पायथनच्या बहुतेक आवृत्त्यांत हा बफर ८१९२ बाइटचा असतो. बाइट म्हणजे साठवणुकीचे लहानात लहान नेहमीचे माप, इंग्रजी मजकुरात एका अक्षराला एक. वजनाची एक ओळ ४० बाइटची धरली आणि दर दोन सेकंदांनी एक ओळ येते असे मानले, तर बफर भरायला सुमारे २०५ ओळी लागतात आणि विंडोत पहिला आकडा दिसायला जवळजवळ सात मिनिटे जातात. पाण्याचे दार धरणाऱ्याने पाट तुडुंब भरल्याशिवाय दार फोडायचे नाही असे ठरवले, तर टोकाची वेल जशी वाट पाहत राहील तशी ही स्थिती असते. ड्रायरमधून माल काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला सात मिनिटांपूर्वीचे वजन दाखवणारी विंडो कोरी असलेल्या विंडोहून अधिक घातक आहे, कारण कोरी चौकट निदान काही सांगितल्याचा आभास निर्माण करत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीनंतर बफर रिकामा करण्याची आज्ञा देता येते, किंवा जुन्या प्रोग्रामला हात लावायचा नसेल तर तो सुरू करतानाच बफर न वापरण्याची सूचना देता येते. जुना प्रोग्राम दुसऱ्या भाषेतला असेल आणि त्याचा मूळ मजकूर हाती नसेल तर मात्र त्याला पलीकडे खरी स्क्रीनच आहे असे भासवावे लागते. युनिक्समध्ये अशी आभासी स्क्रीन फार पूर्वीपासून आहे आणि विंडोजमध्ये ती २०१८ पासून मिळू लागली. पण उपाय साधा असला तरी मुळातला प्रश्न हलका नाही. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात जो अपघात झाला, त्या वेळी नियंत्रण कक्षात काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे सुरू झाले आणि ते छापणारा प्रिंटर घटनांच्या मागे पडत एका टप्प्यावर दोन तासांहून अधिक मागे होता. यंत्राने सांगितलेले प्रत्येक वाक्य त्या कागदावर उमटणार होते, फक्त ते हवे त्या वेळी उमटत नव्हते. बोईसरपासून जवळच तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, आणि ज्या परिसरात अनेक घरांतला कोणी ना कोणी कुठल्या तरी नियंत्रण कक्षात पाळी करतो, तेथे उशिरा आलेली सूचना म्हणजे काय हे फार समजावून सांगावे लागत नाही.

दिरंगाई दूर झाली की विंडो गोठण्याची तक्रार येते. डेस्कटॉपवरची प्रत्येक विंडो एका अखंड फेऱ्यावर जगते. माउस हलला, कळ दाबली गेली, विंडोचा झाकलेला भाग पुन्हा उघडा पडला, अशा घटना रांगेत येतात आणि विंडोचा प्रोग्राम त्या एकेक उचलून हाताळतो. या फेऱ्यातच पाइपमधून पुढची ओळ वाचण्याची आज्ञा ठेवली आणि ती ओळ यायला वेळ लागला, तर फेरा तिथेच अडतो, आणि पाच सेकंद एकही घटना हाताळली गेली नाही की विंडोज त्या विंडोच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहून मोकळे होते. म्हणून वाचनाचे काम थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या प्रवाहाकडे सोपवतात. पण या दुसऱ्या थ्रेडने विंडोतल्या चौकटीत थेट लिहायचे नसते. बहुतेक सर्व विंडो-प्रणालींत चौकटींना हात लावण्याचा अधिकार फक्त मुख्य थ्रेडचा असतो आणि तो मोडला तर प्रोग्राम कधी चालतो, कधी अकारण कोसळतो. यासाठी वाचणारा थ्रेड ओळी एका रांगेत ठेवतो आणि मुख्य थ्रेड टायमर लावून, साधारण दर एक दशांश सेकंदाने, रांगेत जे असेल ते उचलून चौकटीत घालतो. एका खेपेत किती ओळी उचलायच्या यावरही मर्यादा घालावी लागते, नाहीतर जुना प्रोग्राम कधी भराभर बोलू लागला की चौकट भरण्यातच मुख्य थ्रेड गुंततो आणि ‘थांबवा’ हे बटण दाबूनही दाबले जात नाही. धोक्याच्या वेळीच प्रोग्राम सर्वाधिक बोलतो आणि ‘थांबवा’ची गरजही त्याच वेळी असते, म्हणून ही मर्यादा ऐच्छिक मानू नये.

प्रोग्रामला बोलण्याचे दोन मार्ग असतात हे येथवर बाजूला ठेवले होते. नेहमीच्या आउटपुटला समांतर असा चुकांच्या सूचनांचा वेगळा मार्ग, स्टँडर्ड एरर, युनिक्समध्ये सत्तरच्या दशकात आला, आणि त्याचे निमित्त छपाईचे होते: बेल लॅब्जमध्ये आउटपुट थेट फोटोटाइपसेटरकडे, म्हणजे अक्षरजुळणीच्या यंत्राकडे, वळवले जात असे, फाइल उघडता आली नाही ही सूचनाही त्याच वाटेने जाऊन महागड्या कागदावर सुबक टायपात जुळवली जाई, आणि स्क्रीनसमोर बसलेल्याला मात्र काहीच कळत नसे. तेव्हापासून आउटपुट कुठेही वळवले तरी तक्रार माणसासमोर यावी असा संकेत रूढ झाला. विंडोत आणताना हे दोन्ही मार्ग वाचावे लागतात, आणि तेही एकाच वेळी. आधी पहिला संपेपर्यंत वाचू, मग दुसरा, असे केले तर दुसऱ्याची पाइप भरते, जुना प्रोग्राम ती रिकामी होण्याची वाट पाहतो, विंडो पहिला मार्ग संपण्याची वाट पाहते आणि दोघे एकमेकांसाठी कायमचे ताटकळतात.

दोन मार्ग वेगळे वाचले की चुकांना लाल रंग देता येतो, पण क्रम हरवतो. नेहमीची ओळ बफरमध्ये थांबलेली असते आणि चूक सांगणारी सूचना तातडीने निघते, म्हणून ‘वजन मर्यादेबाहेर’ ही लाल ओळ आधी दिसते आणि ज्या वजनामुळे ती आली ते वजन तिच्याखाली येते. दोन्ही मार्ग एकाच पाइपमध्ये सोडले तर क्रम पुष्कळसा सावरतो, पण रंग जातो. वीज केंद्रांच्या नियंत्रण कक्षांत इशाऱ्यांच्या दिव्यांचे जे फलक असतात त्यांतल्या काही रचनांत एकापाठोपाठ एक लागलेल्या इशाऱ्यांपैकी सर्वांत पहिला कोणता हे वेगळ्या लुकलुकीने दाखवले जाते, कारण बाकीचे बहुतेक त्या पहिल्याचे परिणाम असतात. या कामात तेच प्रमाण मानले गेले: रंगापेक्षा क्रम मोठा. दोन्ही मार्ग एकत्र करण्यात आले, बफरचा वापर बंद करण्यात आला, आणि रंग देण्यासाठी चूक सांगणाऱ्या ओळीच्या आरंभी एक ठरावीक खूण छापून विंडोने ती ओळखावी अशी तडजोड झाली. ही तडजोड ग्रंथांत सापडणार नाही आणि तिला देखणेपण नाही, परंतु ओळ जिथे हवी तिथे येते.

लिपीचा प्रश्न या सगळ्याहून अधिक जिव्हाळ्याचा आहे. वसाहतीत वाडवळ, कुणबी, वारली, मांगेला अशा स्थानिक समाजांतले कामगार आहेत, तसेच उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेलेही आहेत. सूचना देवनागरीत असली तर यांतल्या बहुतेकांना ती वाचता येते आणि इंग्रजीत असली तर अनेकांना ती केवळ रंगावरून ओळखावी लागते. विंडोजच्या जुन्या काळ्या स्क्रीनवर देवनागरी नीट उमटतच नसे. जोडाक्षरे आणि मात्रा जुळवण्याची क्षमता तिच्यात नव्हती आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने डॉसच्या काळात यावर तोडगा काढला होता. संगणकात एक कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामचे पडद्यावर जाणारे आउटपुट ते कार्ड मधल्यामध्ये हाताळून भारतीय लिपीत दाखवी. आउटपुट मधे अडवून ते वाचकाच्या सोयीचे करणे हा आपल्याकडे असा जुना उद्योग आहे, आणि विंडोतली मजकुराची चौकट मात्रा-जोडाक्षरे आपणच जुळवते म्हणून आता तो विनाकार्ड करता येतो.

तरी वाटेत दोन खाचा आहेत. पहिली खाच जुन्या प्रोग्रामच्या बाजूला आहे: ३.६ या आवृत्तीपासून पायथन काळ्या स्क्रीनवर सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो, परंतु पलीकडे पाइप असली की तो विंडोजच्या जुन्या कोडच्या तक्त्याकडे वळतो, आणि भारतातल्या बहुतेक संगणकांवर असलेल्या पश्चिम युरोपीय तक्त्यात देवनागरीचे एकही अक्षर नाही. परिणामी मराठी सूचना छापताना प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, आणि थांबतो तो नेमका धोक्याची सूचना देताना, कारण मराठीत लिहिलेल्या ओळी त्याच असतात. सुरू करतानाच यूटीएफ-८ वापरण्याची सूचना दिली की हे टळते. यूटीएफ-८ ही युनिकोडची चिन्हे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत १९९२ मध्ये पाइपचेच कर्ते केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह आखली. दुसरी खाच विंडोच्या बाजूला आहे. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘केळवे’ हा शब्द क, एकाराची मात्रा, ळ, व, पुन्हा मात्रा अशा पाच चिन्हांचा आणि १५ बाइटचा होतो. पाइपमधून बाइटचे तुकडे येतात आणि तुकडा कुठे तुटेल याचा अक्षराशी संबंध नसतो. तो सातव्या बाइटनंतर तुटला तर ‘के’ नीट येते, ‘वे’ नीट येते आणि मधल्या ‘ळ’च्या जागी प्रश्नचिन्ह असलेले काळे चौकोन उमटतात. इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या प्रोग्राममध्ये हा दोष वर्षानुवर्षे दिसणार नाही. अपुरे बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा वाचक वापरणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो बहुतेक भाषांत तयार मिळतो, फक्त तो मुद्दाम मागावा लागतो.

मजकूर वेळेवर, क्रमाने आणि वाचता येईल असा पोहोचल्यावर विंडोच्या वागणुकीचा भाग उरतो आणि फोनवरचा ऐकणारा येथे महत्त्वाचा ठरतो. नवी ओळ आली की चौकट तळाशी सरकावी अशी सर्वसाधारण रीत आहे, पण ऑपरेटर माउसचे चाक फिरवून मघाचे वजन शोधत असेल आणि प्रत्येक नव्या ओळीसरशी चौकट त्याला खाली खेचत असेल, तर तो ते वजन वाचूच शकत नाही. म्हणून वाचणारा आधीच तळाशी असेल तरच सरकायचे आणि वर असेल तर जागचे हलायचे नाही, असा नियम ठेवला गेला. प्रत्येक ओळीला वेळ आणि चढता क्रमांक देण्यात आला, त्यामुळे ‘मघाशी काहीतरी लाल आलं होतं’ या वाक्याच्या जागी ‘१४२ नंबरची ओळ’ असे सांगता येऊ लागले आणि रात्रीचे संभाषण पुष्कळ आखूड झाले. सूचनांची वाक्येही मोठ्याने वाचता येतील अशी लिहावी लागली. कंसांच्या आणि अधोरेषांच्या रांगा डोळ्याला चालतात, तोंडाला चालत नाहीत.

विंडोतला मजकूर ही नोंद नव्हे, हेही कारखान्यांत लवकर स्पष्ट करावे लागते. चौकटीत ओळी अमर्याद साठू दिल्या तर काही पाळ्यांनंतर विंडो जड होते, म्हणून जुन्या ओळी काढून टाकाव्या लागतात. आणि वीज गेली तर चौकटीतले सारेच जाते. औषधांचा कच्चा माल अमेरिकेला पाठवणाऱ्या कारखान्यांना तेथल्या अन्न व औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा १९९७ चा नियम, भाग ११, पाळावा लागतो, आणि त्यात नोंद कोणी, केव्हा केली व बदलली याचा माग राहणे आवश्यक आहे. त्यामुळे पाइपमधून आलेली प्रत्येक ओळ आधी फाइलमध्ये जाते, तिथला बफर लगेच रिकामा केला जातो आणि मगच ती चौकटीत दिसते. हा क्रम उलटा ठेवला तर ज्या आकड्यावर माणसाने निर्णय घेतला तो आकडा फाइलमध्ये नसण्याची शक्यता उरते, आणि पावसाळ्यात किनारपट्टीवर वीज ज्या तऱ्हेने जाते-येते ते पाहता ही शक्यता काल्पनिक मानता येत नाही.

शेवटचा भाग विंडो बंद करण्याचा. फुली दाबल्यावर विंडो जाते पण तिच्या हाताखाली सुरू झालेला जुना प्रोग्राम पडद्याआड चालूच राहू शकतो, आणि सीरियल पोर्ट विंडोजमध्ये एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत असल्याने पुढच्या पाळीने विंडो उघडली की पोर्ट नाकारल्याची सूचना येते. काटा चालू, वायर जागेवर, संगणक चालू, तरी आकडा नाही. उलट, विंडोबरोबर जुन्या प्रोग्रामला ताबडतोब मारले तर अर्धवट वाचलेला आकडा आणि अर्धवट लिहिलेली ओळ मागे राहते. म्हणून फुली दाबली की विंडो आधी मोजमाप चालू असल्याचे सांगून विचारते, होकार मिळाला तर जुन्या प्रोग्रामला थांबण्याचा निरोप पाठवते, त्याच्या अखेरच्या ओळी पाइपमधून येईपर्यंत वाचत राहते, ठरावीक वेळेत तो थांबला नाही तरच त्याला बळाने संपवते, आणि विंडोचा प्रोग्रामच अचानक कोसळला तर हाताखालचा प्रोग्राम अनाथ होऊन पोर्ट अडवून बसू नये यासाठी दोघांना विंडोजच्या एका गटात बांधून ठेवता येते, पण मग विंडोबरोबर मोजमापही थांबते. त्यामुळे मोजमाप चालूच राहावे की पोर्ट मोकळा व्हावा यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ती प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रमुखाला विचारून, त्या त्या उपकरणासाठी स्वतंत्रपणे केली जाते.